चहा ठेवायला आत गेलेली मावशी

छापखाना बंद झाला त्या दिवशी ताईने घरी तीन गोष्टी आणल्या. खुर्चीवरची आपली उशी, लाल पेन्सिलींचं अर्धं खोकं आणि एक खोड. उशी आणि पेन्सिलींकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. खोडीने मात्र पुढचे सहा महिने बऱ्याच जणांच्या नाकी नऊ आणले, आणि ही हकीकत त्या खोडीचीच आहे.

ताई म्हणजे सगळ्यांचीच ताई. धाकट्या भावाची तर होतीच, पण छापखान्यात मशीनवाल्यापासून मालकांपर्यंत जो तो तिला ताईच म्हणे. मालक तिच्याहून वीस वर्षांनी मोठे, तेही. एकोणिसाव्या वर्षी ती तिथे लागली आणि एक्केचाळिसाव्या वर्षी कुलूप लागलं तेव्हा बाहेर पडली. मधली बावीस वर्षं ती प्रुफं वाचत होती. पुस्तक छापण्याआधीची कच्ची पानं घ्यायची, चूक दिसली की लाल खूण करायची आणि समासात दुरुस्ती लिहायची. काम बसून, पण डोळ्यांची आणि मानेची पुरती वाट लावणारं.

खोड तिला चष्मेवाल्या काकांनी लावली होती. काका म्हणजे प्रुफांच्या खोलीतलं जुनं खोड, दोन चष्मे एकावर एक चढवून वाचणारे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला बजावलं होतं, "पान वरून खाली वाच, पण पानं मागून पुढे घे. पुस्तकाच्या शेवटाला सगळेच थकलेले असतात. लिहिणारा थकलेला, खिळे जुळवणारा थकलेला, तपासणारा थकलेला. चुका तिथेच साचतात, म्हणून ताजे डोळे तिथे लावायचे. आणि पुढून वाचलंस तर गोष्ट तुला ओढून नेईल. गोष्टीबरोबर वाहत गेलेल्या माणसाला अक्षर दिसत नाही."

ताईने हे अगदी मनावर घेतलं. बावीस वर्षांत तिने सहाशेच्या वर कादंबऱ्या तपासल्या आणि त्यांतली एकही सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचली नाही. तिच्या वाचनात लग्न आधी लागायचं, ओळख नंतर व्हायची. माणसं आधी मरायची, मग आजारी पडायची, मग धडधाकट होऊन बाजारात हिंडायची. रोज मेलेली माणसं उठून बसलेली पाहिल्यामुळे असेल, ताईला कशाचंच फारसं भय वाटत नसे.

भाऊ विमा कंपनीच्या कचेरीत होता. छापखाना बंद होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच त्याने तिची सोय लावून टाकली. जेवताना म्हणाला, "आमच्याकडे अर्ज तपासायला माणूस हवाय. साहेबांच्या कानावर घातलंय मी. नाव, तारीख, सही बरोबर आहे का, एवढंच बघायचं. तुझ्या हातचा मळ आहे."

"मी संपादक होणार आहे," ताई म्हणाली.

भावजय भात वाढत होती, तिचा हात थांबला. "म्हणजे वर्तमानपत्रात का, ताई?"

"नाही गं. कादंबऱ्यांची. लेखकाने लिहिलेली गोष्ट कुठे उभी राहते आणि कुठे लंगडते, ते त्याला सांगायचं. वाचनालयाच्या वर सहा महिन्यांचा वर्ग आहे. नाव घालून आलेय मी. नंतर कोणाच्या नोकरीत नाही, घरी बसून, स्वतःच्या नावावर काम."

भावाने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो त्याला फारसा जमला नाही. "ताई, अगं तू अक्षरं बघणारी. गोष्टीतलं तुला काय कळतं? तू तर पुस्तकं मागून वाचतेस."

हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. ती एवढंच म्हणाली, "कळत नाही म्हणूनच शिकायला जातेय." पुष्कळ वाद झाला. शेवटी असं ठरलं की भावाने साहेबांना सहा महिने थोपवायचं. तेवढ्यात ताईच्या हाती प्रमाणपत्र आलं आणि प्रकाशकाच्या यादीत नाव लागलं, तर ठीक. नाही तर पुढच्या पहिल्या तारखेपासून मुकाट्याने अर्ज तपासायला बसायचं. ताईने मान डोलावली आणि ताक मागितलं.

वर्गाची खोली म्हणजे वाचनालयाचा माळाच. एक लांब टेबल, त्याचा एक पाय आखूड, त्याखाली जुनी पुस्तकसूची घडी घालून सरकवलेली. शिकणारे सातजण. शिकवणाऱ्या बाई तीस वर्षं कादंबऱ्यांवर काम करून केस पांढरे झालेल्या, बोलायला कमी आणि "हं" म्हणायला जास्त. त्यांच्या "हं"चे निदान पाच प्रकार होते आणि त्यांतला एकच चांगला होता.

पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना एक बारा पानांची कथा दिली. "वाचा आणि लेखकाला काय सांगाल ते लिहून आणा." इतरांनी एकेक पान लिहून आणलं. ताईने कथाच परत आणली, लाल खुणांनी भरलेली. दोनशे चौदा दुरुस्त्या. तिने स्वतः मोजल्या होत्या आणि मनातून ती खूश होती.

बाईंनी पानं उलटून पाहिली. "ताई, बाराव्या पानावर नायक कोणाशी बोलतोय?"

"बायकोशी."

"आणि चौथ्या पानावर त्या बायकोचं काय झालंय?"

ताईने आठवून पाहिलं. चौथं पान तिने बाराव्यानंतर वाचलं होतं. "मरते ती."

"हं," बाई म्हणाल्या. "म्हणजे लेखकाने घोटाळा केला आणि मेलेल्या बाईला बोलायला लावलं. तुम्ही काय केलंत, तर तिचं बोलणं स्वच्छ करून दिलंत."

सगळा वर्ग हसला. जाहिराती लिहिणारी एक मुलगी तर टेबलावर डोकं टेकून हसली. ताईचे कान तापले. मेलेली माणसं पुढच्या पानावर उठून बसणार हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की तिला त्यात वावगं असं काही वाटलंच नव्हतं. दुसरं कोणी असतं तर दुसऱ्या दिवसापासून वर्गात फिरकलं नसतं. ताई दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं आधी येऊन पुढच्या खुर्चीवर बसली, तीही आपली उशी घेऊन.

बाईंनी तिला सर्वांदेखत सांगितलं, "आजपासून पहिल्या पानापासून वाचायचं. हातात पेन्सिल घ्यायची नाही. चूक दिसली तर दिसू दे, ती कुठे पळून जात नाही."

ताईने घरी येऊन पेन्सिलींचं खोकं भावजयीकडे दिलं आणि कपाटाला कुलूप घालायला लावलं. "मी मागितलं तरी द्यायचं नाही." पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. बोटं शिवशिवायची. चुकीचा शब्द दिसला की दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. मग ती सरळ दोन्ही हात उशीखाली घालून, त्यांवर बसून वाचायची आणि पान उलटायची वेळ आली की एक हात बाहेर काढायची. भाचीने हे पाहिलं आणि शेजारपाजारी साभिनय करून दाखवलं.

पण हळूहळू गोष्ट तिला ओढून न्यायला लागली. काका म्हणाले होते तशीच. एका संध्याकाळी दूध उतू गेलं आणि तिला पत्ता नव्हता, कारण पुस्तकातली मुलगी घर सोडून निघाली होती. आपल्याला हे बावीस वर्षं कोणी दिलं नाही, असं तिला वाटलं, आणि डोळे भरून आले. चौथ्या महिन्यात तिच्या टिपणावर बाई "हं" म्हणाल्या तेव्हा तो पाचांतला चांगला होता. जाहिरातवाली मुलगी तिला आपली टिपणं दाखवायला लागली.

शेवटची परीक्षा अशी होती: प्रत्येकाला एका खऱ्या, छापायला निघालेल्या कादंबरीचं हस्तलिखित मिळायचं. ते वाचून लेखकाला पत्र लिहायचं. लेखकाने पत्र वाचून भेटायचं आणि सूचना कामाच्या वाटल्या अशी सही करायची. ती सही झाली की प्रमाणपत्र.

ताईच्या वाट्याला लेखकमहाशय आले. लेखकमहाशय म्हणजे मोठं प्रस्थ. अकरा कादंबऱ्या नावावर, त्यांतल्या नऊंची प्रुफं ताईच्याच हाताखालून गेलेली. खिशाला दोन पेनं, एक लिहायचं आणि एक फक्त सह्यांचं. त्यांच्या बाराव्या कादंबरीची चारशे सहा पानं ताईच्या पुढ्यात आली.

पूल बांधणाऱ्या एका माणसाची ती गोष्ट होती. आई लहानपणीच गेलेली, मावशीने वाढवलेला. मावशी एका पायाने अधू, पुरुषी चपला घालणारी, तोंडाने फटकळ. पोरगा शिकतो, मोठा होतो, प्रेमात पडतो, फसतो, आजारी पडतो, उठतो आणि शेवटी ज्या नदीत त्याचा मित्र बुडाला तिच्यावर पूल बांधतो. ताईने हात उशीखाली घालून पहिल्या पानापासून वाचलं. शेवटी तो पहाटे एकटा पुलावरून चालत जातो तिथे तिला हुंदका आवरला नाही. तिने दोन पानांचं पत्र लिहिलं, त्यात बहुतेक स्तुतीच होती. बाईंनी मसुदा पाहून चांगला "हं" केला. सोमवारी पत्र द्यायचं होतं.

रविवारी दुपारी पत्र पाकिटात घालून झालं, तरी ताईला चैन पडेना. काहीतरी राहून गेलंय असं सारखं वाटत होतं, आणि ते काय हे सांगता येत नव्हतं. ती भावजयीकडे गेली.

"कपाटाची किल्ली दे."

"ताई, मागितलं तरी देऊ नको म्हणून तुम्हीच बजावलंय."

"मी मागत नाहीये, सांगतेय."

पेन्सिल हातात आल्यावर तिला जरा बरं वाटलं. तिने हस्तलिखित पालथं घातलं आणि चारशे सहाव्या पानापासून सुरुवात केली. पूल, उद्घाटन, लग्न, आजारपण, फसवणूक. भराभर पानं मागे जात होती. मग एकशे त्र्याऐंशीवं पान आलं. तिथे तळाला एक वाक्य होतं: "बस, चहा ठेवते," म्हणत मावशी आत गेली.

ताईचा हात थांबला. ही कोण?

दोनशे तेवीस पानं तिने आत्ता उलटली होती आणि त्यांत ही बाई एकदाही तिच्या नजरेस पडली नव्हती. मग एकशे ब्याऐंशीवर ती होती. एकशे ऐंशीवर होती, चपला फटकारत भांडत होती. पोराच्या तापात उशाशी बसलेली, त्याच्या परीक्षेच्या दिवशी दारात उभी राहिलेली, पहिल्या पानापर्यंत सगळीकडे तीच होती. ताईने घाईघाईने पुढची पानं पुन्हा चाळली. लग्नात मावशी नाही. दुखण्यात मावशी नाही. पुलाच्या उद्घाटनाला पंचक्रोशीतला जो तो हजर, मावशी नाही. ती मेली असंही कुठे नाही. चहा ठेवायला आत गेली ती गेलीच, आणि चारशे सहा पानांत कोणी एकदाही स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं नाही. भांडं जळून एव्हाना कोळसा झालं असणार.

ताईला आधी स्वतःचाच राग आला. पुढून वाचताना जाणारा माणूस काही सांगून जात नाही, आपण नायकाच्या मागे धावत असतो, म्हणून तो गेलेला कळत नाही. पण आपण तर त्या नायकासाठी रडलोसुद्धा, आणि म्हातारी कुठाय हे विचारलं नाही. मागून वाचताना मात्र ती एकदम दारात येऊन उभी राहते. मग ताईला लेखकाचा राग आला. तो जास्त टिकला. तिने पाकीट फाडलं आणि नवं पत्र लिहिलं. त्यात चांगलं होतं ते चांगलं म्हटलंच होतं, पण सुरुवात अशी होती: "तुमची मावशी पान १८३ वर चहा ठेवायला आत गेली आहे. ती अजून बाहेर आलेली नाही. तिचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे का?"

भेट वर्गाच्याच खोलीत झाली. लेखकमहाशय, प्रकाशक, बाई आणि ताई. प्रकाशकांनी कादंबरी दोनदा वाचली होती. पत्र हातात घेऊन त्यांनीच पहिल्यांदा विचारलं, "कोणती मावशी?"

"बघा," ताई म्हणाली.

लेखकमहाशयांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही छापखान्यातल्या ना? प्रुफांच्या ताई?"

"हो. तुमची नऊ पुस्तकं मी तपासलीत."

"मग असं बघा, मावशी हे गौण पात्र आहे. वातावरणनिर्मितीसाठी आहे. तिचं काम झालं, ती गेली."

"वातावरणनिर्मितीसाठी तिने तुमच्या नायकाला एकशे त्र्याऐंशी पानं जेवू घातलं. आणि ती गेली नाही, आत गेली. गेली असती तर कोणी दोन ओळी रडलं असतं."

"वाचकाला तिची आठवणही होत नाही."

"मलाही झाली नाही. त्याचाच मला राग आलाय."

लेखकमहाशयांचा चेहरा लाल झाला. "नऊ पुस्तकं तपासलीत म्हणता. तेव्हा नाही कधी बोललात."

"तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुमच्या तिसऱ्या पुस्तकात एकोणनव्वदाव्या पानावर कुत्रा खांबाला बांधलाय. तो अजून कोणी सोडलेला नाही."

प्रकाशकांना खोकला आला. लेखकमहाशय उठले. आपल्या कादंबऱ्यांवर मोठमोठ्या समीक्षकांनी लिहिलंय, असं काहीसं ते म्हणाले. ताई म्हणाली, "समीक्षक पुढून वाचतात." दारात जाऊन त्यांनी बाईंना सांगितलं, "हे पत्र मागे घ्यायला सांगा. शुद्धलेखन तेवढं तपासून द्या म्हणावं, मी सही करतो. त्यात त्या वाकबगार आहेतच."

ते आणि प्रकाशक खाली उतरले. बाईंनी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, मीही ते हस्तलिखित वाचलंय. मलाही दिसली नाही ती. तुमचं बरोबर आहे. पण सही नसेल तर मला प्रमाणपत्र देता येत नाही. पत्र बदला. आत्ता राहू दे मावशी आत. एका मावशीने काय होतंय?"

"एका मावशीने काय होतं, तेच तर त्या पुस्तकात नाहीये, बाई."

"तुम्हाला काम हवंय ना?"

"हवंय. पण हेच काम हवंय. तुम्ही मला पुढून वाचायला शिकवलंत, ते मी विसरणार नाही. तसं वाचलं नसतं तर मला रडू आलं नसतं, आणि रडू आलं नसतं तर एवढी चीडही आली नसती. पण पत्र मी बदलणार नाही."

"मग प्रमाणपत्र नाही."

"नाही तर नाही."

तिने उशी काखोटीला मारली. जिन्यापर्यंत गेली तेव्हा मागून बाईंचा आवाज आला. "ताई, दारावर पाटी लावायला प्रमाणपत्र लागत नाही. मी लावली तेव्हा माझ्याकडेही नव्हतं."

घरी काय झालं ते ताईने सांगितलं. भावाने "मी म्हणालोच होतो" असं तोंडाने म्हटलं नाही, पण शनिवारी संध्याकाळी आपल्या साहेबांना घरी बोलावलं, नेमणुकीचं पक्कं करायला. साहेब भले गृहस्थ होते. बशीतली बिस्किटं खात त्यांनी भावाची स्तुती केली, आणि भावाने नेहमीप्रमाणे आपली गोष्ट सांगितली. "आई-वडील एका वर्षात गेले, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, साहेब. मग शिकलो. परीक्षा दिल्या. कचेरीत लागलो. हे घर घेतलं."

"स्वतःच्या हिमतीवर," साहेब म्हणाले.

"हो," भाऊ म्हणाला.

ही गोष्ट ताईने वीसेक वेळा तरी ऐकली असेल. भाऊ पुढे गेल्याचा आनंद वाटून दर वेळी तिचा ऊर भरून यायचा. आज तिने खोडीप्रमाणे ती मागून पुढे घेतली. घर. कचेरी. परीक्षा. शाळा. आणि अकराव्या वर्षाच्या दारात तिला एकोणीस वर्षांची एक मुलगी दिसली, कॉलेजचं पुस्तक मिटून छापखान्यात निघालेली, मागे वळून धाकट्याला डबा विसरू नको म्हणणारी. ताईला राग आला, खूप आला, आणि तो बावीस वर्षांत एकदाही आला नाही याचा त्याहून जास्त आला.

"साहेब," ती म्हणाली, "अर्ज तपासायला मी येणार नाही. तुमचा वेळ गेला, माफ करा. पण आलाच आहात तर एक चूक दाखवते. याच्या गोष्टीत अकरा ते अठरा ही वर्षं गळली आहेत. त्या पानांत याची बहीण आहे. ती कुठे आत गेली, ते जरा याला विचारा."

भावजय कपबशी हातात घेऊन तशीच उभी राहिली. भाऊ म्हणाला, "ताई, मी तसं काही म्हणालो नाही."

"म्हणाला नाहीस. तेच सांगतेय."

साहेबांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि गाडी चुकेल म्हणून निरोप घेतला. भाऊ चार दिवस तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी ताई स्टुलावर चढून दाराशेजारी पाटी ठोकत होती, स्टूल डगमगत होतं. तो कचेरीतून आला, पाटी वाचली, पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी स्टूल धरून उभा राहिला. तेव्हाही बोलला नाही. ताईनेही त्याला तसंच उभं राहू दिलं. तिने मुद्दाम चार खिळे जास्त मारले.

पाटीवर लिहिलं होतं: "कादंबरी संपादन. गोष्ट तपासून मिळेल, पुढून आणि मागून."

पाटी वाचून लोक हसले. एकजण तर मागून म्हणजे काय, हे विचारायला जिना चढून आला आणि उत्तर ऐकून हसत उतरला. ताईने कोणाला भीक घातली नाही. भाचीच्या अभ्यासाचं टेबल खिडकीशी ओढून घेतलं, उशी टाकली आणि बसली. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी पाठवलेली एक निवृत्त परिचारिका आली, तीन वह्यांत लिहिलेली कादंबरी घेऊन. कोणी वाचेल या आशेवर तिने ती चौदा वर्षं ट्रंकेत ठेवली होती. ताईने ती पहिल्या पानापासून हातांवर बसून वाचली. मग पेन्सिल घेतली आणि शेवटच्या पानापासून सुरू केलं.

अशाच एका सकाळी, ताई त्या वह्यांच्या मागून पुढे येत अगदी सुरुवातीशी पोचली असताना, दारावरची घंटा वाजली. सुट्टी होती, भावाने दार उघडलं. बाहेर खिशाला दोन पेनं लावलेले एक गृहस्थ उभे होते. काखेत कागदांचा जाडजूड गठ्ठा, आणि वरून दिसत होतं ते शेवटचं पान होतं.

"संपादक इथेच राहतात ना?" त्यांनी विचारलं.

भावाने एकदा पाटीकडे पाहिलं. "हो. माझी ताई." मग आत वळून म्हणाला, "ताई, तुझ्याकडे आलेत."

ताईने आवाज ओळखला. पण तिची पेन्सिल ओळीवरून हलली नाही. "बसायला सांग," ती खिडकीशी बसूनच म्हणाली. "माझी अजून नऊ पानं राहिलीत."

लेखकमहाशय बसले. गठ्ठा मांडीवर घेऊन, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे. भावजयीला त्यांचं तसं बसणं अवघड वाटलं. "बसा हं, चहा ठेवते," असं म्हणून ती आत गेली, आणि ती कप घेऊन बाहेर येईपर्यंत लेखकमहाशयांची नजर स्वयंपाकघराच्या दारावरून हलली नाही.